तांदळाच्या मुलखात मैद्याच्या नूडल्स

गडचिरोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी चक्कर मारली, तर बसस्थानकाच्या आसपास चायनीजची गाडी दिसतेच. लाल बोर्ड, त्यावर ड्रॅगन, काळीकुट्ट कढई, भणभणणारा बर्नर आणि भराभर कोबी चिरणारा एक पोरगा. अहेरीत हेच, आलापल्लीत हेच. या गाडीवर काय मिळतं ते कुणाला सांगायला नको. काय मिळत नाही, ते मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे तांदळाच्या नूडल्स मिळत नाहीत.

यात विचित्र काय आहे, ते नकाशा बघितला की कळतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा धानाचा. अहेरीला खेटून प्राणहिता वाहते, पलीकडे तेलंगणा, तोही भात खाणारा. आमच्याकडे पोळी असते, पण पोट भरतं भातानं. आता दुसरा नकाशा बघा. भारतात नूडल्स आणणारे बहुतेक चिनी लोक आले ते चीनच्या दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातून. तोही भाताचाच मुलूख. गव्हाचा चीन उत्तरेला, तांदळाचा चीन दक्षिणेला, अशी ढोबळ विभागणी तिथे शेकडो वर्षं आहे. दक्षिणेत तांदूळ वाटून, वाफवून, कापून केलेल्या रुंद नूडल्स घराघरांत खातात.

म्हणजे भात खाणारे लोक भात खाणाऱ्यांच्या देशात आले आणि त्यांनी इथे मैद्याच्या नूडल्स रुजवल्या. असं का झालं, याचं उत्तर शोधताना वाटेत बरंच काही सापडतं. त्यातलं काही चविष्ट आहे, काही गिळायला जड.

पाहुणी घराणी

‘हाक्का नूडल्स’ हे शब्द आपण रोज वाचतो. हाक्का हा मसाला नाही, नूडल्सचा आकार नाही, शहरही नाही. हाक्का हा एक समाज आहे. शब्दाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. उत्तर चीनमधून युद्धं आणि दुष्काळ यांमुळे पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडे सरकत आलेले हे लोक. सुपीक जमिनी आधीच कुणाच्या तरी होत्या, म्हणून ते डोंगराळ भागात राहिले. शेकडो वर्षं राहूनही शेजाऱ्यांसाठी पाहुणेच राहिले. पुढे तेच नाव त्यांनी स्वतःसाठी स्वीकारलं.

भारतात चिनी वस्तीची सुरुवात अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये झाली असं मानतात. तोंग अछ्यू नावाच्या माणसाला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात हुगळीच्या काठी, बजबजजवळ जमीन मिळाली. त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला, चिनी मजूर आणले. ते गाव आजही त्याच्या नावाने अछिपूर म्हणून ओळखलं जातं. कोलकात्याचे चिनी लोक नववर्षाच्या सुमारास तिथल्या देवळात जातात.

पुढे कोलकात्यात चिनी वस्ती वाढली आणि धंदे वाटले गेले. कँटनकडचे सुतारकाम करू लागले, हुपे प्रांतातले दातांचे डॉक्टर झाले, आणि हाक्का चामड्यात आणि बुटांत शिरले. चामडं कमावण्याच्या कामाला इथल्या समाजात जातीचा विटाळ चिकटलेला होता. पाहुण्यांना तो अडसर नव्हता, उलट रिकामी जागा होती. शहराच्या पूर्वेला टांगरा भागात हाक्कांचे चामड्याचे कारखाने उभे राहिले. हाक्का नूडल्सची मुळं अशी चामड्याच्या वासात आहेत.

महाबळेश्वरचा चिनी धबधबा

आपल्याला वाटतं की चिनी माणूस महाराष्ट्रात आला तो हॉटेल काढायला. तसं नाही. महाबळेश्वरला गेलेल्यांनी ‘चायनामन फॉल’ हे नाव ऐकलं असेल. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरला एक तुरुंग काढला होता. तिथे चिनी आणि मलायी कैदी ठेवत. हे कैदी सिंगापूर, पिनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन समुद्र ओलांडून आणलेले. त्यांनी तिथे बागा केल्या, बटाटे आणि साहेबांना लागणाऱ्या भाज्या पिकवल्या. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. धबधब्याच्या नावात ते राहिले.

गंमत म्हणजे त्याच काळात हिंदुस्थानातले कैदी उलट दिशेने सिंगापूर, पिनांगला पाठवले जात होते. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या हातांनी बांधलं गेलं. एका वसाहतीचे कैदी दुसरीत, दुसरीचे पहिलीत. ज्या पिनांग आणि सिंगापूरच्या रस्त्यांवर पुढे ‘चार क्वे तिआव’ ही तांदळाच्या रुंद नूडल्सची परतलेली डिश प्रसिद्ध झाली, तिथून माणसं आपल्या सह्याद्रीत आली होती. ती बेड्या घालून आली होती, त्यामुळे सोबत कढई नव्हती.

मुंबईत वेगळी कथा. पारशी व्यापाऱ्यांची गलबतं मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात. त्या वाटेवरून आणि बंदराच्या कामांमुळे काही चिनी खलाशी, सुतार, व्यापारी मुंबईत स्थिरावले. माझगावात नवाब टँक रस्त्यावर ‘सी यूप कून’ नावाचं त्यांचं मंदिर आहे, १९१९ मध्ये बांधलेलं. आज तिथे जाणारी घरं थोडी आहेत. ती घरं कमी का झाली, हे समजायला १९६२ कडे वळावं लागतं.

देवळी

ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध सुरू झालं. महिनाभरात संपलंही. पण त्या महिन्यात भारतातल्या चिनी वंशाच्या लोकांचं आयुष्य बदलून गेलं. भारत संरक्षण कायद्याखाली, खटला न चालवता, सुमारे ३,००० लोकांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागांतले लोक यात जास्त होते. आसामातल्या माकुमसारख्या गावांत चिनी लोक चहाच्या मळ्यांच्या निमित्ताने आले आणि पिढ्यानपिढ्या राहिले. तिथल्या बायकांशी लग्नं केली, घरात असमिया बोलू लागले. त्यांना गाडीत भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. त्यात म्हातारे होते, लहान मुलं होती. काहींना चीनला पाठवण्यात आलं, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. अनेकांची घरं-दुकानं ‘शत्रूची मालमत्ता’ म्हणून लिलावात गेली. शेवटचे लोक सुटले तेव्हा १९६७ साल उजाडलं होतं.

देवळीचं नाव मराठी वाचकाला दुसऱ्या संदर्भात माहीत असू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारख्या राजबंद्यांना याच छावणीत डांबलं होतं. स्वतंत्र भारताने तीच छावणी पुन्हा वापरली.

जे पकडले गेले नाहीत, त्यांनाही कोलकात्यात, मुंबईत पोलिसांकडे नोंद करावी लागली, गावाबाहेर जायला परवानगी घ्यावी लागली. पुढच्या वीस-तीस वर्षांत बरेच लोक देश सोडून गेले. कॅनडातल्या टोरंटोत त्यांची मोठी वस्ती झाली. तिथे ‘हाक्का चायनीज’ नावाची हॉटेलं आहेत आणि त्यांत चिली चिकन मिळतं. म्हणजे भारतातून हाकललेली माणसं परदेशात भारतीय चव विकतात. याच टोरंटोतल्या देवळीच्या माजी बंदिवानांनी संघटना काढून भारत सरकारकडे माफीची मागणी केली आहे. माफी अजून मागितली गेलेली नाही.

याच्या शेजारी आमच्या भागातली एक गोष्ट ठेवून बघा. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ मध्ये वसवलेली. धानाच्या शेतांमधून अचानक प्रार्थनेच्या पताका दिसतात. तिथल्या घरांत थुक्पा शिजतो, म्हणजे रस्सा घातलेल्या गव्हाच्या नूडल्स. मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. झाडीपट्टीला पाहुणे नवीन नाहीत. एकाच देशाने काही पाहुण्यांना जमीन दिली आणि काही जुन्या रहिवाशांना रातोरात पाहुणे ठरवलं, हे दोन्ही एकाच पंधरा-वीस वर्षांतलं आहे.

माणसं गेली, मंचुरियन आलं

आता यातली खरी विसंगती. चिनी माणसांकडे संशयाने बघितलं जात होतं, नेमकं त्याच्या पुढच्या दशकात चिनी जेवणाची लाट आली. १९७३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं तिखट जेवण मुंबईच्या श्रीमंतांना मिळालं. या सिचुआनचंच पुढे ‘शेजवान’ झालं. मूळच्या चवीत जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी असते. आपल्या शेजवानमध्ये ती नाही. आहे ती सुकी लाल मिरची, लसूण आणि तेल, म्हणजे ठेच्याची चिनी मावशी.

१९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग या आचाऱ्याने चिकन मंचुरियन केलं. वांग कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे, नशीब काढायला मुंबईत आलेले. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, म्हणजे कुठल्याही भारतीय भाजीची सुरुवात केली, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर घातलं. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा थंड प्रदेश. त्याचा या पदार्थाशी काही संबंध नाही. पण आज कोबीचं मंचुरियन लग्नाच्या पंगतीत असतं आणि त्याला कुणी परदेशी म्हणत नाही.

१९८३ मध्ये मॅगी बाजारात आली आणि नूडल्स हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसला. १९९० च्या दशकात सुप्रीम कोर्टाने प्रदूषणामुळे टांगऱ्याचे चामड्याचे कारखाने हलवायला सांगितले. कारखाने बंद झाले तसतशी तिथे हॉटेलं वाढली. तयार सॉसच्या बाटल्या किराणा दुकानात पोचल्या. आता चायनीज करायला चिनी आचारी लागत नव्हता. कोलकात्याचा, नेपाळचा किंवा आपल्याच गावचा पोरगा चार बाटल्या आणि एक कढई घेऊन गाडी टाकू शकत होता. अहेरीपर्यंत चायनीज पोचलं ते असं, माणसांशिवाय.

मैदाच का?

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे मला या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या गणितात दिसतं.

मैद्यात ग्लुटेन असतं. ते कणकेला ताण देतं. नूडल्स सकाळी उकडा, तेल लावून परातीत रचून ठेवा, रात्री दहापर्यंत वापरा. कितीही जोरात परतल्या तरी तुटत नाहीत. वाळवलेल्या नूडल्स पाकिटात महिनोन् महिने टिकतात.

तांदळात ग्लुटेन नाही. तिथे सगळी पकड स्टार्चची. तांदळाचं पीठ पाण्यासोबत साधारण ७० अंशांच्या वर तापलं की स्टार्चचे कण फुगतात आणि त्याची चिकट जेली होते. थंड झाल्यावर त्यातले रेणू पुन्हा शिस्तीत रांगेत बसू लागतात आणि पदार्थ कडक होतो. शिळा भात मोकळा आणि टणक का लागतो, त्याचं कारण हेच. फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. म्हणून तांदळाच्या ताज्या नूडल्स त्याच दिवशी खाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी वाकवल्या की मोडतात. गाडीवाल्याला हे परवडत नाही.

पण बघा, तांदूळ गाडीवरून गेलेला नाही. तो फ्राइड राइस होऊन बसला आहे. जो गुण नूडल्सना मारक, तोच फ्राइड राइसला तारक, कारण परतायला गार झालेला, टणक भातच हवा. कोलकात्याच्या जुन्या चिनी हॉटेलांत ‘मेइफून’ या नावाने तांदळाच्या बारीक शेवया अजून मिळतात. पण त्या कढईतल्या कौशल्याच्या वस्तू. चार बाटल्यांच्या धंद्यात त्या गळून पडल्या.

सालपापडी हीच ती नूडल

मग घरी करायच्या तर? इथे आपल्याला चीनपर्यंत जायची गरज नाही. उन्हाळ्यात वाळवणं घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. भिजवलेले तांदूळ वाटून, पातळ करून, ताटलीत पसरायचे, वाफवायचे, साल काढावी तशी चकती सोलून काढायची, उन्हात टाकायची. ही सालपापडी. कँटनजवळच्या शाहे गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘हो फन’ नूडल्सची कृती जवळजवळ हीच आहे. फरक एवढाच की आपण चकती वाळवतो, ते ओलीच कापतात. वाळवण घालताना पोरं ओल्या सालपापड्या पळवतात आणि आई ओरडते. ती पोरं नकळत कँटनच्या पद्धतीने खात असतात. कोकणात आणि गोव्यात तांदळाच्या शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवतात. विदर्भात आमरसासोबत गव्हाचे सरगुंडे खातात. नूडल हा शब्द नवा असेल, वस्तू नवी नाही.

कृती सांगतो. एक वाटी जाड, जुना तांदूळ घ्या. नवा तांदूळ चिकट होतो, जुन्याच्या चकत्या सुट्या निघतात. रात्रभर भिजवून गंधासारखा बारीक वाटा. पाणी घालून ताकाइतकं पातळ करा. चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, दोन चमचे कॉर्नफ्लॉर. पसरट ताटलीला तेल लावून पातळ थर ओता, उकळत्या पाण्यावर झाकून तीन-चार मिनिटं वाफवा. थर पारदर्शक दिसून फुगे आले की ताटली गार पाण्यावर ठेवा आणि चकती सोलून घ्या. वर तेलाचा हात फिरवा, नाहीतर एकमेकींना चिकटतील. सगळ्या झाल्या की गुंडाळी करून बोटभर रुंद पट्ट्या कापा. फ्रिजमध्ये ठेवू नका. पाकिटातल्या सुक्या पट्ट्या वापरणार असाल, तर त्या उकळू नका. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि थोड्या कच्च्या असतानाच निथळा. उरलेलं शिजणं कढईत होतं.

परतताना लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा. कँटनी लोक ज्याला ‘वॉक हेइ’, म्हणजे कढईचा श्वास म्हणतात, तो धुरकट वास या उष्णतेतून येतो. गाडीवरच्या बर्नरची आच घरच्या गॅसला नसते, म्हणून एका वेळी एकाच माणसापुरतं करा. जास्त घातलं की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि नूडल्सचा गोळा होतो. तेलात लसूण, मग बाजारातले सुके झिंगे. पिनांगच्या नूडल्समध्येही कोळंबी असते, त्यामुळे हे अगदीच घरचं नाही. अंडं एका कडेला फोडा. नूडल्स घाला, सोया सॉस कढईच्या कडेने सोडा म्हणजे तो आधी करपतो आणि मग मिसळतो. ढवळू नका, उलथण्याने खालून उचलून पलटवा. मोड आलेले मूग, पातीचा कांदा, आणि उतरवताना सांबार. अहेरीबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.

नाव कुणाचं

या कृतीत मी ‘जाड तांदूळ’ म्हटलं, कारण बारीक तांदूळ भातासाठी राखून ठेवावा. आणि आमच्याकडे बारीक तांदूळ म्हटलं की पहिलं नाव येतं एचएमटी.

एचएमटी हे नाव घड्याळावरून पडलं. वाण मात्र कंपनीने किंवा सरकारने काढलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे, जेमतेम शाळा शिकलेले, तुटपुंज्या जमिनीचे शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या. दाणा बारीक, भात चांगला, उत्पादन जास्त. बियाणं शेतकऱ्यांच्या हातातून पसरत गेलं. पुढे कृषी विद्यापीठाने त्यातून ‘पीकेव्ही-एचएमटी’ वाण प्रसिद्ध केलं, त्यात खोब्रागडे यांचं नाव नव्हतं. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला, पण पैशाची ओढाताण संपली नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीतल्या शोधग्राममध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या आणखी एका वाणाला ‘डीआरके’ म्हणतात. ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरं, पण भात खाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे?

एका पानात या दोन गोष्टी शेजारी आल्या, हा निव्वळ योगायोग नाही. हाक्कांचं नाव पाकिटावर ठळक छापलं आहे, पण ते माणसांचं नाव आहे हे कुणाला माहीत नाही. खोब्रागडे यांचं काम प्रत्येक ताटात आहे, पण पोत्यावर नाव घड्याळाचं. एका बाजूला नाव राहिलं आणि माणसं पुसली गेली, दुसऱ्या बाजूला काम राहिलं आणि नाव पुसलं गेलं. दोन्हीकडे खाणाऱ्याला काही फरक पडला नाही.

चव ही मोठी उदार गोष्ट आहे असं आपण म्हणतो. जेवणामुळे माणसं जवळ येतात, वगैरे. इतिहास तसं सांगत नाही. १९६२ नंतर या देशाने चिनी जेवण मनापासून स्वीकारलं आणि ते करणाऱ्यांना जाऊ दिलं. जेवण स्वीकारणं सोपं असतं, कारण ताट आपल्याकडे काही मागत नाही. माणूस मागतो: मतदानाचा हक्क, दुकानाची जागा, पुस्तकात एक ओळ, कधी एक माफी.

तेव्हा तांदूळ भिजत घातला की रात्रभराचा वेळ हाताशी असतो. तेवढ्यात पोत्यावरचं आणि पाकिटावरचं नाव नीट वाचा आणि ते कुणाचं आहे, हे घरातल्या लहानांना सांगा. सकाळी वाटण करायचंच आहे.